सान अंतोनियोचं बाळ ओलीस आहे

५ जून

केलं! सान अंतोनियोच्या कडेवरचं लाकडी बाळ खुंटीवरून उपटलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. जोड्या जुळवणाऱ्या या संताला स्पष्ट सांगितलं — सेनाइदाचं उत्तर आण, बाळ परत मिळेल. आमच्या डोंगरात सगळेच असं करतात. आजीने तर आजोबांसाठी त्याला दोन महिने विहिरीत उलटा टांगला होता. (मिळाले आजोबा. मग पुढची चाळीस वर्षं तक्रारही तिचीच.)

अडचण एवढीच की हा संत घरचा नाही. एलिसेओकाकाने तो सोकोरो गावापलीकडच्या एका छोट्या चर्चसाठी कोरलाय. तेरा तारखेला संताचा सण, मिरवणूक. काकाने त्याला घोंगडीत बांधून पिकअपमध्ये ठेवलाय (मी खालून हात घातला), आता गाठ सोकोरोतच सोडणार. मी ड्रायव्हर. "कॉलेज अर्ध्यावर सोडलेल्याला दुसरं कोण ठेवणार?" — काका. प्राध्यापकांवर मी डस्टर फेकला नव्हता! टेबलावर आपटला होता. खडू उडाला, त्याला मी काय करू?

आणि सेनाइदा सोकोरोतच राहते. संताची पत्र्याची प्रभावळ तीच करणार. म्हणजे बारा तारखेला तिच्यासमोर उभं राहायचं. माझ्या पत्राला सोळा दिवस उत्तर नाही!

६ जून

चिमायोला ओर्लिंदामावशीकडे थांबलो. ती मागावर विणत बसली होती. "याचं तोंड का असं, भादरलेल्या मेंढीसारखं?"

"प्रेमात पडलाय," काका. "पत्रेवाल्या सेनाइदाच्या."

"ती? ती पत्रा कापते रे. तू तर नुसता कागद!"

मग पत्रात काय लिहिलंस म्हणून मागे लागली. सांगून टाकलं — 'रविवारपर्यंत उत्तर दे, नाहीतर मी कायमचा निघून जाईन.'

"मग गेलास?"

"नाही."

मावशी इतकी हसली की हातातला धोटा पडला.

८ जून

सत्यानाश!!

अकोमाला वालोबाई मडकी भाजत होत्या. काकाची त्यांच्याशी जुनी मैत्री, दर वर्षी थांबतोच. तेवढ्यात एक पाहुणा आला, मडक्यावर टिचकी मारून म्हणाला, "यंत्रावरचं याहून गुळगुळीत असतं." बाईंनी आग सारखी केली. माझं डोकं फिरलं! गोवऱ्या उचलून आगीवर आपटत त्याला भाषण दिलं. वाकलो, आपटली. वाकलो, आपटली. पाहुणा पळाला.

"छान बोललास," वालोबाई म्हणाल्या. "आता गोवऱ्या पुरे."

मग खिसा चाचपला. रिकामा.

आग निवल्यावर मडकी काय सुरेख निघाली! बाळाची चिमूटभर राखसुद्धा ओळखू येईना. काकाची पाठ वळल्यावर बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी गंभीरपणे मान हलवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि घरात गेल्या. आत जाऊन हसल्या. ऐकू आलं मला!

९ जून

संताची माफी मागितली. तो घोंगडीत. वरूनच थोपटलं.

१० जून

काका दुपारी आडवा झाला की मी पिकअपच्या सावलीत चाकू घेऊन बसतो. काकाच्या पेटीतला कॉटनवुड झाडाच्या मुळाचा तुकडा ढापलाय. मापाची चिंता नव्हती — "माझी सगळी बाळं एका मापाची, एका खुंटीची," हे काका येईल त्याला ऐकवतो. माप जमलं. बाकी काही नाही. पहिली कोंबडी झाली. दुसरा चक्क काकाच झाला, रागावलेला. तिसरा बटाटा — पण हसरा. तोच ठेवला.

"बोटांना काय झालं?"

"टायर बदलताना."

"चावला?"

१२ जून

सोकोरो. ती चामड्याचा एप्रन बांधून पत्र्याला डाख देत होती. मान वर न करता, "अजून गेला नाहीस कायमचा?"

मी चार वाक्यं पाठ करून आलो होतो. पण फळीवर नजर गेली. खिळ्यांच्या डब्यात तिचा सान अंतोनियो, काकाच्याच हातचा — डोकं खाली, पाय वर! आणि कडेवर बाळ नाही!

"कोणासाठी?"

"आहे एक गाढव."

"कुठलं?"

"डोंगरातलं."

"नाव सांग! बघतोच त्याला!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग काकाला म्हणाली, "हा जन्मापासून असा, की ऊन लागलंय?"

"उन्हाने जरा सुधारलाय," काका.

मी ताडकन उठून पिकअपमध्ये जाऊन बसलो. जेवणार नाही म्हणालो. नंतर हिरव्या मिरचीच्या रश्श्याचा वास आला. जेवलो. दोनदा. आमच्या डोंगरात तिला ओळखणारी गाढवं किती, त्याची यादी केली. सात निघाली. एकेकाला बघून घेईन.

आणि उद्या सकाळी प्रभावळ बसवायला काका घोंगडी सोडणार. बटाटा बसवून ठेवलाय. मेलो.

१३ जून

काकाने बटाटा पाहिला. टोपी काढली, डोकं खाजवलं. "माझं पहिलं याहून वाईट होतं. सोमवारपासून माझ्याशेजारी कोरायला बसायचं."

सेनाइदाने बटाटा अलगद काढून घेतला. एप्रनच्या खिशातून स्वतःच्या संताचं बाळ काढलं, काकाच्या संताच्या खुंटीवर बसवलं. टक्! "माझ्या संताचं काम झालं," म्हणाली. "पण धमकीच्या पत्राला मी उत्तर देत नाही. नीट लिही."

फळीवर तिचा संत आता पायांवर उभा आहे. कडेवर माझा बटाटा.

सातही नावं खोडली.