दगड चाकाखाली घे

३ मार्च

दादा म्हणाला, जीप बाहेर काढ. मी! आजवर माझं काम एवढंच — दगडांत जिपेसमोर उलटं चालायचं आणि डावं-उजवं हाताने दाखवायचं. चालवायचा तो. पण नसांच्या आजारात उजवा पाय आता नावालाच उरलाय. जीप वर्षभर शेडमध्ये, दादा वर्षभर खोलीत.

वहिनीचं मत: "उभ्या गाडीला गिऱ्हाईक बघा." दादा म्हणतो, आधी हिला शिकवतो.

४ मार्च

दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासल्या. संध्याकाळी जीप. घासणं काही सुटत नाही.

९ मार्च

धडा पहिला. वाळवंटाच्या तोंडाशी पोचलो की टायरची हवा निम्मी करायची. मऊ टायर दगडाला बिलगतो, कडक टायर निसटतो. फुस्स आवाज बराच वेळ चालला होता. वहिनी घरी हे ऐकून म्हणाली, "माणसांचीही अशी काढता येते का बघ." दादा हसला. म्हणजे चेहऱ्याने नाही, खांद्यांनी.

१० मार्च

धडा दुसरा. मोठा दगड दोन चाकांच्या मधून जाऊ द्यायचा नाही. मला वाटायचं, संकट असं बाजूने जाऊ द्यावं. "पोटाखाली घेतलास की अडकलीस," दादा म्हणाला. "दगड चाकाखाली घे. वर चढ."

तरी एक पोटाखाली गेलाच. खालच्या लोखंडी पत्र्यावर असा करकरला की माझ्या दाढेतून कळ गेली.

"वाजला. मोडला नाही. पुढे."

१७ मार्च

उशीर झालाय. तरी लिहिते.

वहिनीही आली होती. "रडायला घरचं कुणीतरी हवं ना!"

वाळू संपली की कोरड्या ओढ्यात दगडांच्या पायऱ्या आहेत. आम्ही त्याला जिना म्हणतो. डावीकडे दरी. दादा काठी टेकत वर गेला आणि एका दगडावर बसून हात दाखवू लागला. वहिनी पायी मागून. दुसऱ्या पायरीवर चाक नुसतंच गरगरलं. "पाय काढ!" दादा ओरडला. मी दाबला. का, देव जाणे! जीप उसळली आणि डावीकडे कलली. उजवं पुढचं चाक हवेत. डाव्या खिडकीत जमीनच नाही.

"ब्रेक धर. बाकी काही करू नकोस." मग वहिनीला — "उजव्या फूटबोर्डवर चढ. बाहेर झुक."

वहिनी चढली. डोळे गच्च मिटून, माझ्या दाराला लटकून मागे रेलली. चाक सावकाश खाली टेकलं.

"इतक्या वर्षांत माझ्या वजनाचं आज चीज झालं," ती म्हणाली. आवाज मात्र तिचा नव्हता.

हँडब्रेक ओढला. वहिनीने चाकांमागे दगड लावले. मी उतरले ती खालीच बसले. पुन्हा चालवणार नाही म्हटलं. वळायला जागा नाही. वहिनीला गाडी येत नाही.

मग दादा उठला, काठी टेकत खाली आला आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला.

"अहो, पाय —" वहिनी.

"डावा आहे ना. लो गिअरला ही आपली आपण रांगते. ही चालवायची नसते, थांबवायची असते. ॲक्सिलरेटर लागलाच, तर तोच पाय तिकडे नेईन."

मी समोर उभी राहिले. निदान हे तरी मला येतं. हात दाखवत उलटी चालले, जीप माझ्या मागोमाग रांगत आली. एक पायरी. थांबली. पुढची पायरी. मुंगीने कंटाळून ओलांडून जावं असा वेग.

वर पोचल्यावर दादा उतरलाच नाही. थेट घरापर्यंत तोच. वहिनी मागून — "सावकाश!" याहून सावकाश म्हणजे मागे जाणं!

१८ मार्च

अंग ठणकतंय. गिऱ्हाइकाचा विषय निघाला नाही. दादा जेवताना शीळ घालत होता.

२४ मार्च

वहिनी दुकानात आली. चष्मा नको होता. म्हणाली, "डाव्या पायातही सुरू झालंय. ह्यांना जानेवारीपासूनच माहीत आहे. मला गाडी शिकव."

शिकवीन म्हटलं. समोरून हात दाखवायला दादा असेलच. चाकांच्या खुर्चीत.