तुझ्या पणतीचं नाव हानेलोरे

आई, तुला पणती झाली, महिना होत आला. आणि तिचं नाव ठेवलंय हानेलोरे. हा एकच शब्द आहे, दोन नाहीत. मीही आधी तेच विचारलं. तुला वाचता येत नव्हतं आणि माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा चुका काढायला कुणी नाही. लिहिते.

जावई इथलाच, अमेरिकेतल्या आमच्या या कॅरी गावातच वाढलेला, पण त्याचे लोक मूळचे जर्मनीचे. तिकडं म्हणे दोन बायकांची नावं जोडून एक करतात. हाने एक आणि लोरे एक. मी लेकीला म्हणाले, एवढीशी पोर, सहा पौंडाची, तिच्या अंगावर दोन-दोन बायका कशाला घालता? ती म्हणाली, "आई, स्टॉप." हे स्टॉप मी ती शाळेत होती तेव्हापासून ऐकतेय. मी कधी थांबलेय?

आणि मी एकटीच बोलते असं नाही. मी घरी पोळ्यांच्या ऑर्डरी घेते, तर पोळ्या न्यायला येणारा जो तो दारातच उभा राहून आपलं मत देऊन जातो. एक पुण्याचा पोरगा म्हणाला, "काकू, युनिक आहे यार!" नागपूरची एक आहे, ती म्हणाली, "माया ठेवायचं ना, दोन्हीकडं चालतं." मी म्हटलं, चप्पल आहे का ती, दोन्हीकडं चालायला? ती हसली आणि दोन पोळ्या जास्त मागून गेली. इकडं माझं डोकं उठलेलं. नाव आवडलं नाही म्हणून उठलं, का कुणी मला विचारलं नाही म्हणून, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

बारसं आमच्याच घरी केलं. पाळणा भाड्यानं मिळत नाही इथं, म्हणून जावयानं पोरीचा झोपायचा पलंगच फुलांनी सजवला. बिचाऱ्याचा हात कामाचा आहे. आत्या म्हणून त्याची बहीण विमानानं आली. तिला मी शिकवलं, की वाकायचं, कानात नाव सांगायचं, कुर्र म्हणायचं, आणि मग बायका तुझ्या पाठीत धपाटे घालतील, घाबरू नको. ती वाकली. पण कानात कुजबुजायचं सोडून तिनं खड्या आवाजात म्हटलं, "हानेलोरे!" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हाणेल रे? अगं, कोण हाणेल? आम्हीच हाणतो!" बायकांनी जे धपाटे घातले, आई! खोलीभर हशा. एक डोळे पुसत विचारतेय, "कुणाला हाणेल, नवऱ्याला का?" ती जर्मन पोरगी पाठ चोळत सगळ्यांबरोबर हसतेय, तिला काय कळणार. मी पण हसतेय. आणि पाहिलं तर लेक हसत नव्हती. तिला सगळं कळतं. मराठी तिला मीच शिकवलंय ना.

सगळे गेल्यावर स्वयंपाकघरात आली. भांडी मी घासतेय, आणि ती मागून इंग्रजीत सुरू झाली. रागावली की तिचं मराठी सुटतं. म्हणाली, हानेलोरे हे त्याच्या आजीचं नाव होतं. आई कामावर जायची, त्याला आजीनं वाढवलं, ती गेली तेव्हा तो आठवडाभर तिच्याच खोलीत झोपला. मग मराठीत म्हणाली, "आणि तू तिच्या नावावर बायकांना हसवलंस." मी म्हटलं, मला कुणी सांगितलं होतं? ती म्हणाली, "विचारलंस का?"

तू असतीस तर तूही लेकीसारखंच मला सुनावलं असतंस. शेजारच्या बारशाहून मी घुगऱ्या खात आले होते आणि त्यांच्या पोरीच्या नावाची टिंगल करत होते, तर तू भाकरी थापता थापता पिठाच्या हातानं माझ्या गालावर ठेवून दिलीस. "नाव ठेवायला गेली होतीस की नावं ठेवायला?" पीठ कानात गेलेलं. तो गाल मला त्या दिवशी नळाखाली हात धरून आठवला.

पंधरा दिवस लेक कामापुरतं बोलली. दूध गरम कर, डायपर दे. मग काल संध्याकाळी दोघं माझ्यापुढे येऊन बसले. जावयाच्या हातात पोरीच्या जन्मदाखल्याचा कागद. मराठी त्याला येत नाही, पण मला "आई" म्हणतो. म्हणाला, मधलं नाव आम्ही मुद्दाम रिकामं ठेवलंय. एक त्याच्या आजीचं झालं, मधे तुमच्या आईचं घालायचं, हे आधीच ठरलं होतं. बारशाच्या दिवशीच सांगणार होते मला. सोमवारी कागद द्यायचाय.

आई, मी पदराला हात पुसले. मग तुझं नाव सांगितलं. लेक म्हणाली, "ते नको, ते आजोबांच्या घरचं. तिचं स्वतःचं नाव सांग. लग्नाआधीचं."

तिला मीच हे भरवलंय ना. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं दुसरंच नाव लिहिलं, मला न विचारता, आणि तू मूग गिळून उभी राहिलीस, हे मी तिला शंभरदा सांगितलंय. तिनं लग्नात नाव बदललं नाही तर मी जिलेबी वाटली होती. पण एक गोष्ट तिला कधी सांगितली नव्हती. त्या दिवशी आतल्या खोलीत मी तुझ्यावर ओरडले, मला कुणी विचारलं का म्हणून. माझ्या पदराला गाठ मारत तू म्हणालीस, "मला तरी कुणी विचारलं होतं?" मी रडत होते. माझंच रडणं मला मोठं. पुढं काही विचारलं नाही.

मामा गेले, मावशी गेली. माहेरच्या नावानं तुला हाक मारणारं आता कुणी उरलं नाही. हे पत्र पाकिटात घातलं तरी वर कुठलं नाव लिहू?

काल मी त्यांना म्हणाले, विसरले, आठवून सांगते. लेकीनं माझा हात धरला. "इट्स ओके आई, सोमवारपर्यंत वेळ आहे." पंधरा दिवसांनी ती नीट बोलली माझ्याशी, म्हणून खरं सांगवलं नाही. मी विसरलेले नाही गं. मला तुझं नाव कधी माहीतच नव्हतं.