आई, काल मी मोटारीचं इंजिन साफ केलं

अगं आई,

संक्रांतीला माहेरी आले आणि काल बाबांच्या मोटारीचं बॉनेट उघडलं. आत जे पाहिलं ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार? म्हणून लिहायला बसले. सरकारी शाळेत आम्हाला सगळं उर्दूत होतं. ही मराठी अक्षरं तूच चुलीपुढच्या राखेत बोट धरून गिरवून घेतलीस, तर आता तूच वाच.

दिवाळीनंतर तू गेलीस, तेव्हापासून बाबांनी बॉनेटला हात लावलेला नाही. नांदेड ते लातूर सवाऱ्या भरून मोटार पळते आहे, आणि तीही ऐन कापसाच्या दिवसांत! रस्ताभर जिनिंगला निघालेल्या बैलगाड्या, हवेत कापूस उडतोय, आणि तो सगळा इंजिनाच्या तेलकट अंगावर जाऊन बसलेला. गोधडी पांघरल्यासारखं दिसत होतं गं ते.

तुला याचीच धास्ती होती ना? मामाची मोटार अशीच पेटली. खाली तेल, वर कापूस, शेजारी तापलेली धुराची नळी. मामा त्यात गेला. रडून झाल्यावर तू पदर खोचलास आणि बाबांना म्हणालीस, "आजपासून ही मी धुणार. तुमी निस्ती हाका." त्या काळात बायका मोटारीत बसायच्या त्यासुद्धा पडदे सोडून, आणि माझी आई लुगडं खोचून इंजिनात वाकलेली! अख्खी गल्ली बघायला यायची. तुला कशी लाज वाटली नाही गं?

किती निगुतीनं करायचीस! गरम इंजिनावर पाण्याचा थेंब पडू द्यायची नाहीस. "घामेजल्या बैलावर गार पानी वततेत का? तडकंल ती." मोटार चुलीपासून लांब, लिंबाखाली उभी करून पुरती निवू द्यायची. बाबांची विडी आधी काढून घ्यायची. मग बॅटरीची तार सोडायची. जिथून ठिणगी जाते ती टोपी आणि हवा ओढणारं कार्बोरेटरचं तोंड मेणकापडानं घट्ट बांधायचं, कारण "नाकातोंडात पानी गेलं की बसली ही आडून."

मग शिंदीच्या कुंच्यानं कोरडा कापूस झाडायचा, बांबूच्या कामटीनं मळ खरवडायचा आणि सोड्याच्या कोमट पाण्यात पिळलेली चिंधी फिरवायची. घासलेट लागलंच तर फडक्याच्या टोकाला, अगदी चिकट जागी. पेट्रोलनं धुवायचं नाव कुणी काढलं की तू त्याला उभा-आडवा घ्यायचीस. वास पुरता उडेपर्यंत बॉनेट उघडं आणि तार सुटलेली. मळकी फडकी ढिगानं ठेवायची नाहीत, लांब पसरून वाळवायची.

तालुकदारसाहेबांचा ड्रायव्हर आठवतो? धुरळा उडवत आला नि म्हणाला, "अम्मा, हमारी मोटर को बी जरा हात लगाव ना." तू त्याच्या बॉनेटवर तळवा ठेवलास आणि म्हणालीस, "आधी हिचा ताप उतरू द्या, मग बोला." बिचारा लिंबाखाली तुझी भाकरी खात दुपारपर्यंत बसून राहिला.

मी लहान होते तेव्हा एकदा तू मला कडेवर घेऊन आत बघायला लावलंस. तो पंखा, त्या तारा, धुऊन पुसून लखलखणारं ते लोखंड! मी तोंडात बोट घालून बघतच राहिले. तू म्हणालीस, "हिच्या पोटात सारखा इस्तू पेटून ऱ्हायलाय, तरी गायीवानी उभी हाय बघ. आतला इस्तू आतच ऱ्हावा, एवढंच आपलं काम." त्या लोखंडाइतकीच मी तुझ्याकडेही बघत होते. अजूनही मला नवल वाटतं. हे सगळं तुला कुणी शिकवलं? मी विचारलं का नाही कधी?

काल मी तसंच सगळं करायला घेतलं. तार सोडली, तोंडं बांधली, कापूस झाडू लागले. धुराच्या नळीपाशी कुंचा थांबला. तिथला कापूस काळा पडला होता. एकदा पेटून आपोआप विझला होता.

बाबा ओट्यावर बसले होते. त्यांना हाताला धरून आणलं आणि दाखवलं.

"वास आला व्हता," ते म्हणाले. "लोहा गाव सोडल्यावर. लातूरहून रिकामीच घेऊन येऊन राहिलो व्हतो."

"मग थांबला का न्हाईत?"

"थांबावं वाटलंच न्हाई, अनसे."

आई, मी बापावर ओरडले. जन्मात पहिल्यांदा! मी म्हणाले, आई काय तुम्हाला जाळायला जपत होती? माझं म्हणून कुणी राहू देणार आहात की नाही? आणि मग मला रडू आवरेना. तुझाही राग आला. एवढी कशी गं घाईनं गेलीस?

बाबांनी बाह्या वर सारल्या आणि विचारलं, "कापूस झाडल्यावर ती काय करायची?" एवढी वर्षं तू धूत होतीस आणि हा माणूस आत जाऊन झोपत होता, बघ! मी सांगत गेले, ते करत गेले. सोड्याच्या पाण्यात चिंधी बुडवून अगदी हळू पिळत होते. संध्याकाळी वास पुरता गेल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं तार जोडली. मोटार पहिल्या हँडलला सुरू झाली. ते इंजिन मऊ आवाजात चालू लागलं, आणि आम्ही दोघं देवळात उभं राहावं तसे उभे राहिलो.

तू गेल्यापासून बाबा सकाळी घरातून न बोलताच बाहेर पडत. मी आल्यापासून रोज तेच बघते आहे. आज मोटार अंगणाबाहेर काढली, थांबवली, खिडकीतून मान बाहेर काढली आणि मोठ्यानं म्हणाले, "अनसे, येतो गं!"

मी शब्द देते आई. निलंग्याला निरोप धाडला आहे, सासूबाई रागावल्या तर रागावू देत. कापसाचे दिवस सरेपर्यंत आणि बाबांचा हात तुझ्यासारखा बसेपर्यंत मी इथून हलत नाही. आणि एखाद्या सकाळी ते "येतो" म्हणाले नाहीत, तर मी मोटारीपुढं आडवी होईन.

तुझीच,
अनसू