पैलवान आणि टिकली

प्रिय खाटशेजारीण,

असं लिहिलेलं बघून तुला हसू येईल. पण वॉर्डात आपली ओळखच तशी झाली ना. तुझ्या लेकीची, टिकलीची खाट दाराशी, तिच्या शेजारी माझ्या मुलाची, आणि मधे आपण दोघी. काडीसारख्या पोराला पैलवान हे नाव तिथल्या सिस्टरनी ठेवलं, ते आता घरीही चिकटलंय.

तू फोन उचलत नाहीस. मला कळतं गं. तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता. बाहेरून आलेले सर्जन आठवडाभरच थांबणार होते. टिकलीला ऑपरेशनला आत नेलं, आणि पैलवानाला तपासून मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, हृदयातलं छिद्र बुजवायची वेळ निघून गेली, आता फुप्फुसांच्या नळ्याच कडक झाल्यात, ऑपरेशन केलं तर टेबलावरच जाईल. तान्हा असताना कुणाला दाखवलं नाही का, असंही विचारलं. दाखवलं होतं. आमच्या गावच्या दवाखान्यात हृदय बघायचं मशीन नाही. तिथले डॉक्टर भले आहेत, पण त्यांच्याकडे कानाला लावायची नळी आणि खोकल्याचं औषध, बस्स. छाती नाजूक आहे, मोठा झाला की सुधारेल, म्हणाले, आणि मी मान डोलावली. आता त्यांना तरी काय बोलू?

पैलवान शाळेत जातो, म्हणजे हे त्याला सायकलवर नेऊन सोडतात. जिना चढला की ओठ जांभळे होतात, मग पायरीवर उकिडवा बसतो आणि मलाच समजावतो, आई, जरा थांब, इंजिन गरम झालंय. परवा त्यानं विचारलं, टिकलीचं छिद्र शिवलं, मग माझं का नाही? मी म्हटलं, तुझं थोडं वेगळं आहे. त्यावर विचार करून म्हणाला, मग त्यांचा दोरा संपला असेल. मी आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

टिकली धावते का गं आता? सांगत जा. माझ्या पोराचं काढून तिला कुणी दिलेलं नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. मला पुन्हा दिवस गेलेत. सासूबाई खूश आहेत, ह्यांनी माळ्यावरचा पाळणा काढून पुसून ठेवलाय. मी त्याच्याकडे बघत नाही. पोटातल्या बाळाचं हृदय दाखवणारं मशीन तुमच्या शहरात आहे, सोमवारी मला बोलावलंय. पैलवानाला एवढा प्रवास झेपत नाही, म्हणून ह्यांना घरी थांबावं लागणार. पडद्याकडे बघता बघता डॉक्टर मधेच गप्प होतात ना, तेवढा वेळ मला एकटीनं काढता येणार नाही. तो कसा असतो हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक? तू येशील? काही बोलली नाहीस तरी चालेल.

तुझीच,
पैलवानाची आई