पाणी किती अंशांना उकळतं

हुबळी,
रविवार

प्रिय इंदुअक्का,

चार वर्षांनी तुला लिहितेय. धारवाड इथून बसनं तासाभरावर, फोनही दोघींकडे आहे, तरी कागदच घेतला. फोनवर तू मध्येच "असू दे गं" म्हणून माझं बोलणं मिटवून टाकलं असतंस, आणि आज मला ते मिटू द्यायचं नाही. गुडघे कसे आहेत? इकडे सगळं बरं आहे. यांचं गोकुळ रोडवरचं वर्कशॉप आता आमचा प्रशांत बघतो, त्यामुळे हे घरी असतात आणि मी चहात साखर किती घालते यावर लक्ष ठेवतात. शाळेतल्या तुझ्या नकाशांच्या कपाटाला नवा हिरवा रंग दिलाय. तुला आवडणार नाही.

मुख्याध्यापक मुकुंदराव सरांनी शनिवारचा मूल्यशिक्षणाचा तास बंद केला तो दिवस आठवतो का? मुलं या तासाला 'खरे बोलावे' म्हणतात आणि पुढच्या तासाला शेजारच्याच्या वहीत बघतात, तेव्हा आता ज्यानं त्यानं आपापल्या विषयातूनच हे शिकवावं, असं ते म्हणाले होते. मी स्टाफरूममध्ये चेष्टा केली, "माझ्या बीकरमध्ये आता चारित्र्य उकळायचं की काय?" सगळे हसले. तू भूगोलाच्या वह्या तपासत होतीस. मान वर केली नाहीस, आणि मला वाटलं, ऐकलंच नाही तू.

दुसऱ्या दिवशी मोकळ्या तासाला तू प्रयोगशाळेत आलीस. नववीच्या प्रयोगवह्यांचा गठ्ठा टेबलावर होता. पाण्याचा उत्कलनबिंदू. बेचाळीस वह्यांपैकी एक्केचाळीसांत शंभर अंश, आणि जुन्या हुबळीतून येणाऱ्या त्या पूजाच्या वहीत अठ्ठ्याण्णव. तिच्या आकड्यावर मी लाल रेघ मारून ठेवली होती. तू ती वही बराच वेळ हातात धरलीस. मग म्हणालीस, "वनिता, जरा पाणी ठेव की." मी बीकर ठेवला. पाणी खळखळायला लागलं, थर्मामीटर अठ्ठ्याण्णवच्या पुढं जाईना. मी दुसरा थर्मामीटर लावला. तोही तिथंच थांबला. तू सांगितलंस की आपलं गाव समुद्रापासून साडेसहाशे मीटर वर आहे, इथं हवेचा दाब कमी, पाणी शंभरच्या आधीच उकळणार. वीस वर्षं विज्ञान शिकवत होते मी, अक्का, आणि इतक्या वर्षांत एकदाही थर्मामीटरकडे नीट पाहिलं नव्हतं.

मी लगेच खोडरबर शोधायला लागले, तर तू हात धरलास. "चूक वर्गापुढं झाली ना? मग दुरुस्तीही वर्गापुढंच कर." त्या रात्री मी तुझ्यावर फार चिडले होते, हे आज सांगते. तरी सकाळी वर्गात गेले आणि पूजाची माफी मागितली. मग विचारलं, खरंच शंभर कुणाला दिसलं? मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "अठ्ठ्याण्णवच दिसलं मिस, पण पुस्तकात शंभर आहे की." मग एकेक हात वर यायला लागला. पूजा खाली बघत म्हणाली, "मी पण शंभर लिहिणार होते. पण तसं लिहायला हात धजेना." या मुलांना खोटं लिहायला दुसऱ्या कुणी नाही, मीच शिकवलं होतं.

पुढचं तुला ठाऊक आहे. मी जे दिसेल ते लिहिण्याला गुण द्यायला लागले. ठाऊक नसलेली नदी मुलांनी अंदाजानं काढू नये, जागा कोरी ठेवावी, असं तू नकाशांत सुरू केलंस. खेळाचे हणमंत सर खो-खोत शिट्टी वाजवेनात. बाद झालेल्यानं आपण होऊन बाहेर यायचं. दोन वर्षं भांडणं झाली, मग मुलं खरोखरच बाहेर यायला लागली. आंतरशालेय सामन्यात आपला गडी पंचांना न विचारता बाहेर आला आणि आपण हरलो, तेव्हा हणमंत सर त्याला खांद्यावर घेऊन शाळेत आले होते. शाळेतले माझे सगळ्यांत चांगले दिवस ते, अक्का, आणि ते तू मला दिलेस.

तू निवृत्त झालीस, धारवाडला गेलीस, आणि आपल्या शाळेचं नाव व्हायला लागलं. माणसं विचारायला येत. मी सांगे. पहिल्या वेळी तुझं नाव घेतलं. दुसऱ्या वेळी 'आम्ही' म्हणाले. पुढं कधीतरी गोष्टीतून लाल रेघ गेली, तू गेलीस, आणि थर्मामीटर बघून शंका आलेली हुशार शिक्षिका तेवढी उरली. पेपरात माझ्या फोटोसह ते छापून आलं, तेव्हा तुझाच फोन पहिला आला. "छान आलंय गं," म्हणालीस. तेवढंच. मी थँक्यू म्हणून फोन ठेवला, आणि त्यानंतर तुला तोंड दाखवायचं धैर्य झालं नाही.

गेल्या गुरुवारी धारवाडला शिक्षकांच्या शिबिरात माझं भाषण होतं. राज्य पुरस्कारासाठी माझं नाव पाठवलंय, हेही तिथंच जाहीर झालं. स्मृती नावाची एक नवी शिक्षिका उठली, विशीतली असेल, आणि अगदी साधेपणानं तिनं विचारलं, "मॅडम, पाणी आधीच उकळतंय, हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?" उत्तर तयार होतं, सवयीचं. पण मी म्हणाले, "पूजा नावाच्या मुलीच्या. मी तिला चूक दिली होती. ती माझी चूक इंदुमती नावाच्या भूगोलाच्या बाईंनी मला दाखवली." मग बसून घेतलं. शुक्रवारी पुरस्काराच्या अर्जात तुझं नाव घालायला शिक्षण खात्याच्या कचेरीत गेले, तर आता नाव बदलता येत नाही म्हणाले. मग माझं नाव मागे घेतलं. रात्री यांना सांगितलं, तर म्हणाले, बरं केलंस. तर अक्का, पत्र यासाठी की हे तुला लोकांकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. तू रागावली असलीस तर रागाव, तो तुझा हक्क आहे. पण त्या दिवशी तू माझा हात धरला नसतास, तर मी जन्मभर शंभरच शिकवत राहिले असते. एवढं तुझ्यासमोर बसून म्हणायचं आहे. पुढच्या रविवारी सकाळच्या बसनं येते. नको असेल तर तेवढं कळव.

तुझीच,
वनिता