समोरच्या घरात नुसती खरखर

३ तारीख, सोमवार
समोरची शिवणवाली जिन्यात म्हणाली, "ताईंना काल बरं नव्हतं ना? कण्हत होत्या." मी चपापलो. ताई अंथरुणाला खिळलेली. तिच्या उशाशी बिनतारी संच ठेवलाय, मी स्वतः बांधलेला — बटण दाबून बोलली की खाली माझ्या दुरुस्तीच्या दुकानात ऐकू येतं. तो हिच्या रेडिओवर लागतो! कुठल्याही शिकवणीला न जाता तीस वर्षं हे काम करतोय, आणि अशी शोभा व्हावी.

४ तारीख
ताईला सांगितलं. "ऐकू दे की. तिचेच कान झिजतील." मी म्हटलं, घरातलं घरात राहायला हवं. "तू पहिल्यापासून असाच. पाटीसुद्धा हाताने झाकून लिहायचास."

७ तारीख
उपाय सापडला. भिंतीवर दुसरी डबी लावली. ताईने बटण दाबलं की ती त्याच लहरीवर खरखर सोडते. ती खरखर कशी असणार हे दुकानातल्या संचाला आधीच ठाऊक. तो ती वजा करतो, उरतो आवाज. शिवणवालीला वजा काय करायचं ते ठाऊक नाही. पण संचाचा सेल आठ दिवस जातो, डबीचा दीड दिवसात झोपतो.

१२ तारीख
ताईच्या संचाचा जोर दोनशे मिलिवॅट होता. कशाला? दुकान चौदा पायऱ्या खाली. उतरवत उतरवत नऊवर आणला. संचाचा जोर जितका कमी, तितकी डबीची खरखरही कमी पुरते. आता दोन्ही सेल अकरा दिवस. हे कुठल्या पुस्तकात बघून केलेलं नाही.
ताईला बटण दाबून बोलत राहायला सांगितलं आणि सुई मागायच्या निमित्ताने समोर गेलो. रेडिओवर नुसती खरखर. "बिघडलाय वाटतं. बघता का, दादा?" बघतो म्हटलं. बघितला नाही.

१३ तारीख
ताईने विचारलं, "तिला आता काहीच येत नाही ऐकू?" "शब्दसुद्धा नाही," मी म्हटलं. ताईने भिंतीवरच्या डबीकडे पाहिलं. मग म्हणाली, "हुशार आहेस रे."

१९ तारीख, बुधवार
सुटे भाग आणायला गेलो होतो. दुकान दहा ते अडीच बंद. वर आलो तर ताई पलंगाखाली. अंग गार, श्वास तेवढा चालू. संच मुठीत, अंगठा बटणावर. दवाखान्यात नेलं.
सेल किती खपतो ते कळावं म्हणून संचात मोजणी बसवली होती. आजचं बोलणं: एक तास बावन्न मिनिटं.

२२ तारीख
ताई गेली. सकाळी सव्वानऊला.

२८ तारीख
शिवणवाली आली. हातात आमच्या घराची किल्ली. "ताईंनी दिली होती. तुम्ही बाहेर गेलात की त्या संचावरून हाक मारायच्या, ती माझ्या रेडिओवर यायची. मी येऊन पाणी द्यायचे, कूस बदलायचे. तुम्हाला सांगू नको म्हणायच्या — सगळं आपणच करतो असं वाटू दे त्याला. मग हाक यायची बंद झाली. मला वाटलं, माझं काही चुकलं."