आजोबांचे पाय

अंबरनाथ (पूर्व),
१९ मार्च २००६

चि. मनाली,
सप्रेम जय भीम.

तुझी तब्येत बरी असेल. आठव्या महिन्यात उगाच ओट्यापाशी उभी राहू नकोस. जावईबापूंना भात लावता येतो हे मला पक्कं ठाऊक आहे. इकडे आईची शुगर वाढली होती, आता उतरली. उल्हासनगर कॅम्प दोनमधला आपला खोक्यांचा कारखाना परत चालू केला. लग्नसराई तोंडावर आहे, मिठाईवाले खोक्यांसाठी तगादा लावून बसलेत.

परवाच फोन झाला, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून भलतंच निघतं. म्हणून लिहायला बसलो.

मागच्या रविवारी आजोबांच्या स्मरणाचं पुण्यानुमोदन झालं. विहाराचं अंगण पुरलं नाही, माणसं रस्त्यावर उभी होती. उल्हासनगरचे निम्मे मिठाईवाले आले होते. हासोमल शेठ बोलायला उठले आणि त्यांनी ती जुनी गोष्ट सांगितली. आजोबांनी त्यांना हौसेनं बदलापूरच्या कोर्टावर खेळायला नेलं होतं. शेठचा बॉल रेषेबाहेर पडला, आणि शेठ म्हणे रेषेवरच पडला. आजोबा म्हणाले, शेठ, खोकी घेणं बंद करा हवं तर, पण बॉल बाहेरच आहे. शेठनी खरंच महिनाभर दुसरीकडून खोकी घेतली. त्यांतून तूप गळायला लागलं तेव्हा मुकाट परत आले. सगळं अंगण हसलं. मीही हसलो, खाली बघून.

किती हौशी माणूस गं! चाळिशी उलटल्यावर रॅकेट हातात धरली. बदलापूरच्या प्लॉटवर घर बांधायचं सोडून मुरूम टाकून टेनिसचं कोर्ट केलं, म्हणून आजी कित्येक दिवस बोलली नव्हती. दिवाळीच्या ऐन गर्दीतसुद्धा सकाळी हा गडी स्वतःच्या हातानं चुन्याच्या रेषा मारणार, पाणी शिंपडणार, आणि येईल त्याच्याशी खेळणार. तू त्यांच्याबरोबर खेळलीस. मी नाही. मला अभ्यास होता, मग नोकरी होती, मग ऊन लागायचं. कारणं मला कधी कमी पडली नाहीत.

मनाली, तू मस्कतहून आजोबांसाठी पाठवलेला पांढरा टी-शर्ट आणि हाफ पँट आईच्या कपाटात आहे.

हे वाक्य लिहायला मला आठवडा लागला. ‘मला नेताना हेच घाला’ असं तू मागे आली होतीस तेव्हा आजोबा जेवताना म्हणाले होते, आणि आई त्यांच्यावर ओरडली होती. आपण हसलो होतो, पण तू ते मनावर घेतलंस. ते गेले त्या सकाळी तू रडत फोनवर तेवढंच मागितलंस. विमानात बसायला डॉक्टरांनी मनाई केली होती, तुझ्या हातात दुसरं काही नव्हतं. मी हो म्हणालो. संध्याकाळी तू विचारलंस, घातले ना? मी पुन्हा हो म्हणालो. वर, उशाशी रॅकेट ठेवली होती, हेही सांगितलं. कुणी विचारलं नसताना.

त्यांना आम्ही निळ्या सुटात नेलं. आई त्या कपड्यांची घडी हातात घेऊन आली होती. पप्पांच्या मागे घरातला मोठा मीच, म्हणून तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, सूट काढ. आपल्या माणसानं मानानं जावं, समाजाची एवढी माणसं येणार, विहाराचे अध्यक्ष होते ते, अर्ध्या चड्डीत कसं न्यायचं? आईला पटलं. ऐकायला ते बरं होतंच. आपल्याकडे सुटाला काय किंमत आहे हे तुला सांगायला नको.

पण ते खरं नव्हतं. मला त्यांचे पाय झाकायचे होते.

त्यांच्या पायांवरचं कोड तुला कधी दिसलंच नाही, इतकी तू त्यांची होतीस. मला दुसरं काही दिसायचंच नाही. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पांढरे डाग घेऊन ते भर बाजारातून रॅकेट फिरवत यायचे, आणि मी समोरून येत असलो तर गल्ली बदलायचो. त्या दिवशी अंत्ययात्रेला बदलापूरहून संघमित्राच्या घरची माणसं येणार होती. माझ्या लग्नाची बोलणी पुढे गेली होती. स्थळ आजोबांनीच आणलेलं. ओळख खोक्यांच्या धंद्यातली असेल असं मी धरून चाललो होतो.

पुण्यानुमोदनाचं जेवण झाल्यावर संघमित्राचे वडील, धर्मराजकाका, मला बाजूला घेऊन गेले.

“भूषण, किसनरावांना फुलपँटीत मी त्या दिवशी पहिल्यांदाच बघितलं,” ते म्हणाले. “आम्ही दर रविवारी कोर्टावर सोबत असायचो. पोरगी तुमच्या घरात द्यायचं मनात आलं ते तिथंच. म्हटलं, हा माणूस काय लपवत नाही, ह्याच्या घरात पोरीला घोर नाही. मग पाय कोणी झाकले रे त्यांचे?”

मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी म्हणालो, “त्यांचीच इच्छा होती.”

ते म्हणाले, “असेल. शेवटी शेवटी माणूस दमतो.”

मनाली, तुझ्याशी खोटं बोललो त्याची लाज वाटते, पण ह्याची जास्त वाटते. जो माणूस जन्मभर लाजला नाही, तो शेवटी लाजला, असं त्यांचा मित्र समजून घरी गेला. आणि ते माझ्यामुळे.

आणखी एक सांगायचं राहिलंय. दिवाळीत माझ्या डाव्या घोट्यावर एक डाग उठला. नाण्याएवढा होता, आता वाढलाय. घरातसुद्धा मोजे घालून वावरतो. आजोबांना एकदा दिसला. ते एवढंच म्हणाले, “रविवारी ये ना कोर्टावर. हाफ पँट घाल, मस्त हवा लागते.” मी रागानं दार आपटून निघून गेलो. त्यानंतर ते मला कधी बोलावायला आले नाहीत. त्यांना सूट चढवताना मी कुणाला झाकत होतो, ते आता तुला कळलं असेल.

तू आलीस की ती घडी तुझ्या हातात देईन. माफ कर असं म्हणायचं धाडस नाही. बाळंतपण सुखरूप होऊ दे, मग हवं तेवढं बोल, मी ऐकून घेईन.

धर्मराजकाकांकडून कालच निरोप आलाय, त्यांचा होकार पक्का आहे. हे पत्र पेटीत टाकून मी बदलापूरला निघतोय. त्यांनी आजोबांचे पाय बघून होकार दिला, माझे अजून कुणी बघितलेले नाहीत.

दादा असं लिहायला आज हात धजत नाही.

तुझा,
बुद्धभूषण